नणंदबाईंचा हिरवा झगा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वयाची सत्तरी ओलांडलेला, धंद्याने सुतार, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. गुडघे गेले, एका कानाने कमी ऐकू येते, पण डोके ठिकाणावर आहे. समोरच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. देताना ते म्हणाले, "काका, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय." हे वाक्य दाखल्यात घाला म्हटले, तर घातले नाही.

वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. त्यात माझे काही मावेना, म्हणून स्वतःच्या हाताने लिहितो आहे. कायदेशीर भाग त्यांनी तपासला. बाकीच्या भागावर त्यांनी पेन्सिलीने "याची गरज आहे का?" असे लिहिले. आहे.

कलम पहिले. माझे राहते घर, त्यातील सामान आणि बँकेत असेल ती शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीस मिळावी. अट कोणतीही नाही. बाथरूमचे दार ओल धरते. ते खालून जरा उचलून ओढावे. जोर लावू नये. ते जोराला बधत नाही, तिच्या आईवर गेले आहे.

कलम दुसरे. माझे रंधे, करवती आणि पटाश्या सुतारकामाच्या शाळेस द्याव्यात. फक्त एक बोथट पटाशी बाजूला काढावी आणि माझ्या जुन्या भागीदारास पोचवावी. हा गृहस्थ एकदा न सांगता घरी आला आणि खिडकीतून त्याने मला झग्यात पाहिले. झग्याचे पुढे येतेच. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात, गिऱ्हाइकांसमोर, त्याने सुरू केले, "बाईसाहेब, जरा फळी धरता का?" मी फळी धरत राहिलो. वर्ष सरले तशी भागीदारीही मोडली. पटाशीला धार लावून देऊ नये. त्याच्या जिभेला आहे तेवढी पुरे.

कलम तिसरे. आता झगा. मऊ हिरव्या कापडाचा, लांब बाह्यांचा, दोन्ही बाजूंना खिसे असलेला. तो माझा आहे. तरुणपणापासून मला असे कपडे घालावेसे वाटत आले. का, ते मला कधी सांगता आले नाही. घातले की जीव थाऱ्यावर येतो, एवढे खरे. लग्नानंतर बायकोला सांगितले, तेव्हा तिने आधी हातातली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "माझे कपडे ताणून ठेवू नका म्हणजे झालं. तुमच्या मापाचा शिवून घेऊ."

शिंपी मापे पाहून चक्रावला. "बाई, एवढे खांदे?" ही म्हणाली, "माझ्या नणंदेचा आहे. ती पोहते." मला बहीण नाही, भाऊही नाही. पण झगा शिवून आला, तो घालून मी अवघडून समोर उभा राहिलो, तेव्हा तिने चष्मा वर करून मला नीट पाहिले आणि म्हणाली, "या वन्सं, बसा. चहा टाकते."

त्या दिवसापासून रविवारी दुपारी, मुलगी शेजारी खेळायला गेली की, आमच्याकडे वन्सं यायच्या. मी हिला वहिनी म्हणायचो. आणि वहिनी नवऱ्याची यथेच्छ उणीदुणी काढायची. "वन्सं, तुमच्या भावाला लहानपणी कोणी वळण लावलं की नाही? ओला टॉवेल गादीवर! रोज!" मी म्हणायचो, "लाडावलेला आहे हो. बोलते मी त्याच्याशी." सोमवारी टॉवेल दोरीवर असायचा. नवऱ्याला तोंडावर सांगितले असते तर भांडण झाले असते. आमचा निम्मा संसार त्या नणंदेने सावरला.

छातीत गाठ लागते आहे, हेही तिने पहिल्यांदा वन्संनाच सांगितले. चहा निवत होता. "तुमच्या भावाला एवढ्यात बोलू नका हं. घाबरतील." मी म्हटले, "नाही बोलत." संध्याकाळी झगा उतरवून ठेवला आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडलो.

ती गेली. "वन्सं" म्हणायचा हक्क जगात तिला एकटीलाच होता. मुलगी "बाबा" म्हणते, गल्ली "काका" म्हणते, आणि मला दोन्ही आवडतात. पण रविवारी झगा घालून बसलो की खोली खायला उठते. समोर कोणी "बसा" म्हणणारे नसेल तर बसावे तरी कसे? दोन-तीन रविवार उभाच राहिलो. मग घालणे सोडले. टॉवेल हल्ली मन मानेल तिथे पडलेला असतो.

कलम चौथे. आमच्या कोपऱ्यावरील लॉन्ड्रीवाल्या बाईंना मी बनवलेले उंच स्टूल द्यावे. त्यांचे सध्याचे डुगडुगते. या बाई कपड्याच्या चिठ्ठीवर नाव लिहीत नाहीत, नाते नाहीतर धंदा लिहितात. मास्तरांची सून. बेकरीवाला. झग्याच्या चिठ्ठीवर पहिल्यापासून "नणंद". कपडा तयार झाला की त्या काउंटरवरून मोठ्याने पुकारतात, "नणंदबाईंचा हिरवा झगा!" बायको गेल्यापासून मी तो न घातलेला, स्वच्छ झगा पुन्हा पुन्हा धुवायला नेतो आणि पुकारा होईपर्यंत बाकावर बसून राहतो. एकदा बाई म्हणाल्या, "काका, याला कुठे मळलंय?" मी म्हटले, "नणंदेला स्वच्छतेचं वेड आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिले, "बरं" म्हणाल्या आणि चिठ्ठी लावली. आता त्या नावाने मला हाक मारणारे तेवढे एकच माणूस उरले आहे, तेही त्या माणसाला माहीत नसताना.

कलम पाचवे, जे मुलीने सावकाश वाचावे. बाळ, आईचे कपडे आवरायला आलीस तेव्हा तुझ्या हाती झगा लागला. "हा आईचा नाही. कुणाचा आहे?" असे तू विचारलेस. मी म्हटले, "तुझ्या आत्याचा."

तू म्हणालीस, "मला आत्या नाहीये, बाबा."

त्यानंतर आपण पडद्यांविषयी बोललो. पण तू झगा देऊन टाकायच्या ढिगात टाकला नाहीस. घडी घातलीस, बाह्या आत दुमडल्यास आणि कपाटात ठेवलास. तुला किती ठाऊक होते ते मी विचारले नाही, आणि दर आठवड्याला फोनवर तूही काही विचारत नाहीस. त्या घडीवर मी आजवर आशा धरून आहे.

तेव्हा शेवटच्या निरोपाला माझ्या अंगावर काय असावे, ते तू ठरवायचेस. राखाडी कोट कपाटात डावीकडे आहे. झगा लॉन्ड्रीत असेल. त्या दिवशी लॉन्ड्रीवाल्या बाईंनी तो घेऊन दारात यावे आणि दुकानात पुकारतात तसा एकदा पुकारावा. मी स्वतः घ्यायला येऊ शकणार नाही. तू पुढे होऊन "माझ्या आत्याचा आहे, इकडे द्या" म्हणालीस, तर तो तुझ्या हाती द्यावा. कोणीच काही बोलले नाही, तर कोट घालावा आणि झगा परत नेऊन दुकानातल्या खिळ्याला अडकवावा. चिठ्ठी काढू नये.

वकीलबाई म्हणाल्या, ही अट घराला जोडा, म्हणजे मुलगी नक्की म्हणेल. छे! घरासाठी मारलेल्या हाकेला मी ओ देणार नाही. घर तुझेच आहे, गप्प राहिलीस तरीही.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: झगा धुवून परत आला तो गुरुवार.
सही: (मृत्युपत्र करणार, सुतार)

साक्षीदार पहिले: दवाखान्यातील डॉक्टर. "यांनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली." सही.

साक्षीदार दुसऱ्या: लॉन्ड्रीवाल्या बाई. वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाल्या. सगळे वाचले, पदराने डोळे पुसले आणि आपल्या हाताने लिहिले: "सही माझ्यासमोर झाली. आजारपणात नणंदबाईंच्या वहिनी दुकानात आल्या होत्या. म्हणाल्या, मी गेल्यावर आमच्या वन्सं स्वच्छ झगा घेऊन येतील, परत पाठवू नकोस, चिठ्ठी लाव आणि जोरात पुकार, त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. म्हणून मी पुकारते." सही.

दुरुस्ती: कलम चौथ्यातील "तेही त्या माणसाला माहीत नसताना" हे शब्द मी खोडले आहेत. खाडाखोड माझीच असून तिच्यावर माझी सही आहे.