पॉइंटाचं विमान

३ नोव्हेंबर, दुपार

आजपासून रोज लिहायचं. घरात बोलणं उर्दूत, पण शाळा मराठी झाली, म्हणून मनातलं मराठीतच निघते. सईदाले मराठी वाचता येते, पण बायकोले नवऱ्याचं अक्षर लागत नाई. सेफ आहे.

हैदराबादहून सईदाच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. तिच्या पोरीचा, तहसीनचा निकाह ठरला. ११ जानेवारी, असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर. पोरीचे अब्बा तीन वर्षांमागं वारले. पोरीनं स्वतः फोन घेऊन सांगितलं, वकील म्हणून अल्ताफ खालूच पाह्यजे. खालू म्हणजे मावशीचा नवरा, म्हणजे मीच. हा वकील कोर्टातला नाई. नवरीपाशी जाऊन तिची मंजुरी घेणारा आणि काझीले येऊन सांगणारा. सख्खा मामा मुन्ना जिवंत असताना मले निवडलं. दुनिया माणूस पाहूनच निवडते.

मुन्ना, म्हणजे माझा साला, म्हणे, बल्लारशाहून सगळ्यांचं रिझर्वेशन करतो. मी म्हटलं, आमचं दोघांचं सोड. नवरीचा वकील काय स्लीपरमध्ये लोंबकळत जाईल? आम्ही विमानानं येऊ. तेही फुकट.

मुन्ना हसला. हस लेका.

५ नोव्हेंबर

सिस्टीम एकदम सोपी. उन्हाळ्यात नागपूरच्या बँकेनं क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं होतं. त्यावर खर्च करा, पॉइंट जमवा, पॉइंटावर विमानाचं तिकीट. मी मोबाइलवर याचे सतरा व्हिडिओ पाह्यले. आमच्या वडशात हे समजणारा माणूस सध्या एकच आहे.

प्रॉब्लेम एकच. माझा स्वतःचा खर्च तो काय? साउंड-लाइटवाला मी. वायर, बल्ब, चहा. पण खर्च माझाच पाह्यजे असं कुठी लिहिलं आहे? नाटकांचा सीझन सुरू झाला आहे. वडशातून नाटक कंपन्यांच्या गाड्या रोज नव्या गावाले निघून राह्यल्या. मनसारामभाऊंच्या कंपनीले माझंच साउंड असते. त्यांनी खर्च करावा, कार्ड माझं घासावं, त्यांनी मले नगद द्यावं. त्यांचं काही जात नाई, मले विमान येते.

मनसारामभाऊ म्हणाले, यात फसवाफसवी तर नाई ना? मी म्हटलं, भाऊ, याले फायनान्स म्हणतात.

१४ नोव्हेंबर

मनसारामभाऊंच्या बसचं डिझेल माझ्या कार्डावर. जनरेटरचंही. आता आणखी दोन कंपन्यांचे मॅनेजर तयार झाले. पंपावर माझी लय इज्जत वाढली. तिथला बाबूभाई म्हणते, अल्ताफभाई, पेट्रोल पंप विकत घेऊन राह्यले का?

सईदा म्हणे, मुन्नाले सांगून गाडीची तिकिटं काढून ठेवू, नाई लागली तर कॅन्सल करू. मी म्हटलं, बेगम, शंका घेतली की बरकत जाते. तिले विमानात बसायची किती हौस आहे, ते मले माहीत आहे. बोलून दाखवत नाई, एवढंच.

२८ नोव्हेंबर

चामोर्शीकडचे दोन प्रयोग करून आलो. कंपनीचे पडदे, विग, मेकअपचं सामान, सगळं माझ्या कार्डावर. हिरोइनची नवी नऊवारीसुद्धा. दुकानदारानं विचित्र नजरेनं पाह्यलं आणि ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. सईदाले फायनान्स समजावता समजावता जेवण थंड झालं.

संकल्प : डिसेंबरपासून फक्त पुरुष कलाकारांचे खर्च.

२ डिसेंबर

पॉइंट किती झाले ते पाहायचं नाई, असं ठरवलं. उकळतं दूध सारखं पाहू नये. तहसीनचा फोन आला होता. म्हणे, खालू, तुम्ही नक्की ना? मी म्हटलं, बेटा, आकाशातून येऊन राह्यलो.

१८ डिसेंबर

पाह्यले.

कस्टमर केअरले फोन लावला. पोरगी गोड बोलणारी होती. म्हणे, सर, डिझेल-पेट्रोलवर पॉइंट मिळत नाईत, अटींमध्ये दिलं आहे. मी म्हटलं, मॅडम, तीन कंपन्यांच्या गाड्यांले डिझेल पाजलं मी! ती म्हणे, धन्यवाद सर, आणखी काही मदत करू का?

म्हणजे पॉइंट जमले ते पडद्याचे, विगचे आणि नऊवारीचे. एका सीटचे.

१९ डिसेंबर

सईदाले सांगितलं. मले वाटलं रडेल. ती कणीक मळत होती, मळतच राह्यली. मग कळलं, नोव्हेंबरातच मुन्नानं तिची आणि माझी, दोघांची रेल्वे तिकिटं काढली आहेत. खालचा बर्थ. माझ्यासाठी साइड लोअर.

मले राग आला. घरातच भरोसा नाई म्हणजे काय!

पण शांत डोक्यानं विचार केला. पॉइंट मार्चमध्ये मरतात. जमलेले वाया घालवायचे का? आणि विमानानं गेलं तर शनिवारचा आरमोरीकडचा प्रयोगही हातातून जात नाई. मुन्नाले फोन करून माझं रेल्वेचं तिकीट रद्द करायले लावलं. तो म्हणे, दाजी, एकदा विचार करा. मी म्हटलं, केला.

सईदा म्हणे, विमानाचं मरू द्या, फक्त असरच्या आधी पोचा. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

२३ डिसेंबर

तिकीट बुक! पॉइंटावर. डायरेक्ट विमानाले पॉइंट कमी पडले, म्हणून नागपूर ते मुंबई आणि मुंबई ते हैदराबाद. मुन्ना म्हणे, हे म्हणजे हात फिरवून घास खाणं झालं. जळते बिचारा. एका तिकिटात दोन विमानं मिळाली, हे त्याच्या डोक्यात शिरत नाई. दुपारी अडीचले हैदराबाद. असरले लय टाइम उरते.

१० जानेवारी

काल सगळे बल्लारशाहून गेले. सईदानं माझी शेरवानी माझ्याच बॅगेत ठेवली, वर इस्त्रीचा कागद. आज रात्री प्रयोग, तिथूनच मनसारामभाऊंची गाडी मले नागपूरले सोडणार. झोप नाई होणार, पण मुंबईत पाच तास आहेत. कार्डावर लाउंज आहे. सोफे असतात म्हणे.

११ जानेवारी, सकाळी साडेनऊ, मुंबई विमानतळ

लाउंज! कार्ड घासलं, फक्त दोन रुपये कटले. दोन रुपयांत इडली, उपमा, पराठे, ऑम्लेट, तीन प्रकारचे ज्यूस आणि काचेच्या वाटीत काहीतरी गोड थरथरणारं. किंमत वसूल झाली पाह्यजे म्हणून तीनदा उठलो. प्लेटचा फोटो मुन्नाले पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

आता कोपऱ्यातला लांब सोफा धरला. जरा पाठ टेकतो. झोप लागली तरी फिकीर नाई. भोंग्यावर नाव घेऊन बोलावतीलच. आपल्या झाडीपट्टीत नाटकाले पाच हजार माणूस बसते, पण माइकवर पुकारलं की कोण्या सुकलूचा पाव्हणा त्या सुकलूले सापडते. मी स्वतः वीस वर्षं पुकारून राह्यलो. हे तर मुंबईचं विमानतळ.

११ जानेवारी, दुपारी सव्वादोन

विमान गेलं.

कोणीच पुकारलं नाई. काउंटरवरची बाई म्हणे, इथी पुकारत नाईत सर, शांतता ठेवतात, बोर्ड पाहायचा असतो. शांतता! म्हणूनच एवढी गाढ झोप लागली. भोंगा वाजला असता तर मी एका मिनटात उभा होतो.

त्याच कंपनीचं पुढचं विमान रात्रीचं. दुसऱ्या कंपनीच्या एकात त्याआधी जागा आहे, पण तेही मगरिबनंतर, दिवस बुडाल्यावरच उतरते. पुन्हा पुन्हा विचारलं. ती बाई तेच सांगते.

सईदाले फोन लावायची हिंमत होऊन नाई राह्यली. मुन्नाले लावला. तो हसला नाई. हसला असता तर बरं वाटलं असतं.

११ जानेवारी, संध्याकाळी

झाला निकाह.

मुन्नानं व्हिडिओ कॉल लावला होता. तहसीन अडून बसली, खालू येईपर्यंत मी काही बोलत नाई. काझीसाहेबांनी वाट पाह्यली. वऱ्हाड घड्याळं पाहू लागलं. शेवटी सईदानं पोरीच्या कानात काहीतरी सांगितलं. मुन्ना तिच्यापाशी गेला, तिले विचारलं, ती हो म्हणाली. वकील चांगला झाला तो. मी केलं असतं त्यापेक्षा चांगलं केलं. मले लय रडू आलं, आणि शेजारचा माणूस लॅपटॉप उचलून दुसरीकडं जाऊन बसला.

मग सईदानं फोन घेतला. मी कारणं जमवून ठेवली होती, बोर्ड, भोंगा, रात्रीचा प्रयोग. त्यांची गरजच पडली नाई. ती म्हणे, सकाळपासून काही खाल्लं का?

मी म्हटलं, हो.