शनिवारी तुमच्या फोटोखाली बांस वाजेल

बाबा, येत्या शनिवारी आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये बांस वाजणार आहे. मंडळाच्या सचिवबाईंनी आज सकाळी फोन करून पक्कं केलं. त्या लहानपणी तुमच्याकडे पेटी शिकायला येत, म्हणून पंधरा दिवस मला अडवून होत्या. "अगं, हॉलमधे तुझ्या बाबांचा फोटो लागून आहे. त्याच्याच खाली बांसवाल्याले बसवून राहिली का तू?" मी म्हटलं, "फोटो काढू नका. त्यांनाही ऐकू द्या."

दिवाळीनंतर भिलाईच्या आपल्या सेक्टरमध्ये गायी राखणारे राऊत नाचत यायचे. एकाच्या हातात फुंकून वाजवायचा, हातभराहून लांब पोकळ बांबू असे, तोच बांस. मी फाटकाशी उभी आहे, आई त्यांना चहा देते आहे, आणि तो घोगरा सूर माझ्या पोटात उतरतो आहे. तेवढ्यात तुम्ही स्टील प्लांटमधून येता. सायकल टेकवत म्हणता, "काय ऐकून राहिली? जा, कान धुऊन ये. मग सा लाव." मी मोरीतल्या नळाखाली खरंच कान धुतले. पुढच्या वर्षापासून राऊत आले की खिडकी मीच लावायची, तुम्ही न सांगता.

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी इंटरनेटवरच्या एका संगीतप्रेमी गटात शिरले. तिथला नियम तुम्हाला मुळीच आवडला नसता. रेकॉर्डिंग टाकणारा कलावंताचं नाव, घराणं, गाव काही सांगत नाही. आधी ऐकायचं, काय ऐकलं ते लिहायचं. नाव दुसऱ्या दिवशी. अशा आंधळ्या ऐकण्यातून या वयात मला चार-पाच नवे आवडते कलावंत मिळाले. त्यातल्या एकाबद्दल मी ऐटीत लिहिलं, कुठल्या तरी दूरच्या डोंगराळ देशातलं वाद्य आहे, श्वासावरची हुकमत मोठ्या तालमीतली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: बांस. वादक राहणार भिलाई-३.

त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान सुपेल्यात आहे. त्याच्यासमोरून मी कित्येकदा बाजारातली भाजी घेऊन गेले असेन. मी भेटायला गेले तेव्हा तो चाकातली हवा बघत होता. सेक्टरचं नाव काढल्यावर हसला. "दीदी, मैं अपने बाबूजी के साथ हर साल आता था. चाय सब पिलाते थे, सुनता कोई नहीं था." मी ऐकलं होतं, हे मला तिथे सांगता आलं नाही. कान धुतल्याचंही सांगावं लागलं असतं.

तुम्ही शिकवलं ते मी खोटं म्हणत नाही. तुमचा सा अजून माझ्यापाशी आहे, त्यावरच मी त्याचा श्वास ओळखला. पण काय ऐकायचं ते ठरवण्याचा तुमचा हक्क मी परत घेते आहे, आणि तुमच्यासमोर, तुमच्याच मंडळात.

शनिवारी तो तासभर आधी माइक बघायला येईल. तुमचे दोन-तीन जुने शिष्य उठून जातील, असं सचिवबाई म्हणतात. जाऊ देत. हॉलच्या सगळ्या खिडक्या मी आधीच उघडून ठेवणार आहे.

हे पत्र तुमच्या पेटीच्या खोक्यात राहील. एक मात्र लिहून टाकते. स्मृति नगरच्या या घरात मी एकटीच राहते, तरी गेले तीन महिने बांस ऐकते ती हेडफोन लावून, दार लोटून घेऊन.