पाच माणसांचं दळण

माय,

एक गाऱ्हाणं मांडायचं आहे आणि ते ऐकून घ्यायला या मुलखात तुझ्याशिवाय दुसरं कोणी मोकळं नाही. तुझ्या सुनेला कुठूनशी खबर लागली की तुरीची डाळ हिंगोलीपेक्षा जवळा बाजार या गावी शेरामागं दोन पैशांनी स्वस्त आहे. झालं. तिनं माझ्या हातात पिशवी दिली आणि एका अब्रूदार माणसाची रवानगी मोटारीत केली. मोटारीत जागा उरली होती ती कोंबड्यांच्या खुराड्यावर. त्यातली एक कोंबडी फार अभ्यासू निघाली. औंढा येईपर्यंत तिनं माझ्या धोतराच्या काठाचा दोरा न् दोरा तपासला. जाऊन-येऊन मोटारीचं भाडं किती आणि डाळीत वाचणार किती, हे मी निघतानाच बोलून दाखवलं होतं. त्यावर तुझी सून म्हणाली, "भाडं काय रोज पडतं? डाळ रोज खाता." तू असतीस तर तिचीच बाजू घेतली असतीस. म्हणून तर गाऱ्हाणं तुझ्याकडे आणलं.

तशी काटकसर आपल्या घराला नवी नाही. तू बाजारला जायचीस ती दिवस कलल्यावर, कारण त्या वेळी भाजीवाल्यांच्या जिवावर ओझं परत न्यायचं आलेलं असतं. वांगी किडकी बघून घ्यायचीस. "कोणतं वांगं गोड हाय ते किड्याला बराबर कळतं," म्हणायचीस. किडा टाकून द्यायचा आणि त्याचा सल्ला तेवढा ठेवून घ्यायचा. डाळ महागली की येसर. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ, उकळत्या पाण्यात चमचाभर सोडलं की आमटी तयार. त्या आमटीत डाळीचा दाणा सापडला तर बक्षीस देईन, असं तू आम्हाला सांगायचीस आणि आम्ही भावंडं खरंच शोधत बसायचो. तव्याला तेल लागायचं ते चिंधीनं. अंबाडी, घोळ, तांदुळजा बांधावरून फुकट यायचा. आठवड्यातून तीन दिवस ज्वारीच्या कण्या आणि ताक. धाकटीनं कण्या बघून तोंड फिरवलं की तू म्हणायचीस, "राजाच्या घरी रोज कण्याच अस्त्यात. म्हून तर त्याला हत्ती परवडतो."

बाबा गेल्यावर मी हिंगोलीत जिनिंगमध्ये कापसाचं वजन लिहायला लागलो. निजामाचं राज्य, सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी दिवेलागणीला घरी यायचो, शुक्रवारी दुपार कलली की परत. घरात धान्य माझ्या पगारातून येतं, याचा मला तेव्हा चांगलाच माज होता. तो गुरुवार मला आजही समोर दिसतो. तू चुलीपुढं आहेस, मी पाटावर मान ताठ करून बसलो आहे, धाकटी ताटं मांडते आहे. मी म्हणतो, "माय, घरात माणसं तीन, त्यातला मी आठवड्याचा पाहुणा. अन् दळण तर पाच माणसांचं जाऊन राहिलं. जातं कुठं?"

तू तवा पुसतेस. "उंदरं लई झालेत यंदा."

"एवढी ज्वारी खाणारा उंदीर मला दाखव तरी. त्याला जिनिंगात हमालीला लावतो."

धाकटी हसते. तू हसत नाहीस. त्या दिवशी माझ्या ताटात दोन भाकरी पडतात, धाकटीच्या ताटात दीड आणि तू हातावर अर्धी घेऊन भिंतीकडं तोंड करून बसतेस. एवढीच काहून, असं मी विचारतो. "भूक न्हाई," तू म्हणतेस. त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी मी नीट बघितलं. तुझ्या हातावर अर्धीच असायची. शुक्रवारी तू आमच्या मागून जेवायचीस, ते मी कधी बघितलंच नाही. पुढच्या चैत्रात तुला मुदतीचा ताप आला आणि त्याची मुदत भरायच्या आत तू गेलीस. ताप जबर होता, असं वैद्य म्हणाला. मला ऐकू आलं ते असं की, अंगात काही उरलं नव्हतं.

लोक म्हणतात माझ्या जिभेला धार आहे. मी चार ओळी खरडतो, त्या कुठंकुठं छापून येतात, ज्यांच्यावर लिहिलं ते सोडून बाकीचे हसतात. या धारेचं पहिलं गिऱ्हाईक कोण होतं ते मी कोणालाच सांगितलं नाही, तुझ्या सुनेलासुद्धा नाही. आपल्या आईला बोलून बोलून अर्ध्या भाकरीवर आणली आणि मारली, ही गोष्ट कोणत्या तोंडानं सांगायची? सोळा वर्षं मी ताटातल्या दुसऱ्या भाकरीकडं नीट बघितलेलं नाही. खाल्ली मात्र रोज. तेवढा निगरगट्टपणा अंगात आहे.

तर बाजार. रझाकारांच्या धामधुमीत तो कितीतरी दिवस भरलाच नव्हता. आता राज्य बदललं आणि माणसं अशी गर्दी करून राहिलीत, जणू फक्त मिरच्या घ्यायसाठीच जीव वाचवला होता. डाळ घेऊन निघालो तर बांगड्यांच्या टोपलीमागून हाक आली. "आरं, जिनिंगवाला न्हाई व्हय तू? नाक मायचंच हाय."

आपली कासारीण काकी. आपल्या मागच्या भिंतीला जिची भिंत होती, तीच. केस पांढरे झालेत, आवाज तसाच आहे. तिनं पिशवीकडं बघितलं. "डाळीला आला? बायकोनं धाडलं आसंल."

"दोन पैशांसाठी."

"चांगली हाय बायको. तुझी माय बी अशीच व्हती."

एवढंच बोलली ती. मी पिशवी खाली ठेवली आणि काय झालं कोण जाणे, सोळा वर्षांचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. दळण, उंदीर, अर्धी भाकर, ताप. "काकी, मी तिला उपाशी मारली," म्हणालो.

काकी माझ्याकडं बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. शेजारचा कुंभार वळून बघायला लागला तेव्हा कळलं की ती हसते आहे.

"तुझी माय? उपाशी?" तिनं डोळे पुसले. "लेकरा, दर गुरवारी दुपारी माझ्या परसात चूल पेटायची. माझा नवरा बाजाराला, तुझी बहीण पोरींत खेळाया. पीठ तुझ्या मायचं, तेल माझं. कवा धपाटे, कवा शेंगोळे. दोघी बसून चार-चार धपाटे हाणायचो. मंग रातच्याला भूक कुठून येणार? ती अर्धी भाकर बी तुला दिसावं म्हून खायची."

"गुरुवारीच काहून?"

"एरवी माझा नवरा घरात, शुक्रवारी तू घरात. तुझ्या आधी उरकून घ्याया नगं?"

माझा हिशेब बरोबर होता. दळण पाच माणसांचंच जात होतं.

"अन् तुझी नक्कल करायची ती," काकी सांगत होती. "पाटावर बसल्यागत बसायची, मान अशी ताठ. 'माणसं तीन, दळण पाचाचं, जातं कुठं?' अन् हातातला घास दाखवून म्हणायची, 'हितं.' मला ठसका लागायचा, पाणी प्यावं लागायचं."

"मला सांगितलं का नाही तिनं? मी काय नाही म्हणालो असतो?"

"सांगितलं की ते समद्यांच्या ताटात पडतं. मंग ते जेवण झालं, आन् जेवण म्हणलं की आपण शेवटी. गरम गरम, तव्यावरचं, कोणाला वाढायचं न्हाई, बसल्या जागी खायाचं, त्याची चव तुमा गड्यायला काय कळायची?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "ताप त्या साली आठ घरी आला. पैलवान नेले त्यानं. तो काय भाकरी मोजून न्हेत न्हवता. उगं मनाला लावून घेऊ नगंस." आणि टोपलीतल्या बांगड्या सारख्या करता करता म्हणाली, "शेवटच्या गुरवारी दाण्याच्या पोळ्या ठरल्या व्हत्या. दाणे मी भाजून कुटून ठेवले. अदशेर गूळ आणायची पाळी तिची. बुधवारीच अंग तापलं."

परतीच्या मोटारीत चांगली बाकावर जागा मिळाली. शेजारच्यानं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. माणूस एकटाच हसायला लागला की लोकांना काळजी वाटते. माय, सोळा वर्षं मी एका उपाशी बाईसाठी झुरत होतो आणि अशी बाई आपल्या घरात कधी नव्हतीच. होती ती शेजारणीच्या परसात मांडी घालून, ओठांना तेल माखून माझी टिंगल करत होती. लोक माझ्या जिभेचं मूळ कुठंकुठं शोधतात. आता कोणी विचारलं तर परसाचा पत्ता देईन.

तुझ्या सुनेला रात्री जेवताना सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मग? आमी काय करतो वाटलं तुम्हाला, तुमी कामावर गेल्यावर?" मी पुढं काही विचारलं नाही. या वयात काही चौकशा न केलेल्या बऱ्या.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि असती तरी टाकलं नसतं, कारण त्यावर तू काय करशील ते आता मला माहीत झालं आहे. त्याचीही नक्कल करशील. पण एक कबूल करतो. सुटका झाली तशी जरा जळजळही झाली. एखाद्या गुरुवारी मी दुपारीच येऊन धडकलो असतो तर एक धपाटा माझ्याही वाट्याला आला असता, असं मनात येऊन गेलं. मग कळलं, मला बघून तुम्ही दोघींनी चूल विझवली असती. आणि ते बरोबरच झालं असतं. माझा हिशेब बरोबर होता, माय, तरी ते विचारणं चुकलंच.

काल पुन्हा बाजारला गेलो. कोणी धाडलं नव्हतं. गुळवाल्याकडून पिवळ्या ढेपेचा अदशेर तुकडा फोडून घेतला आणि पळसाच्या पानात बांधून काकीच्या टोपलीशेजारी ठेवला. ती एका नव्या नवरीचा हात धरून तिला चुडा भरत होती.

"कोणाचा?" तिनं मान वर न करता विचारलं.

"मायच्या पाळीचा."

तिनं हातातली बांगडी आधी नीट मनगटावर सरकवली. मग पुडा उचलून पदराखाली घेतला.

"उशीर केला तिनं," म्हणाली.