एक तोळा काळा दगड

शुक्रवार, संध्याकाळ. नांदेड

मामू आज नायगावहून काळा, जड खडा घेऊन आले. तरुणपणी ते युरेनियमच्या खाणीत होते, तिथला. खाणीतल्या जुन्या मापानंच बोलले, "एक तोळा तर हाय. एवढ्यानं काय होतंय?"

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून हिशेब मांडून दाखवला. तोळा म्हणजे पावणेबारा ग्रॅम. अणूच्या वस्तुमानाच्या एककात, म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूच्या वजनात मोजलं, तर सातावर चोवीस शून्यं.

"मामू, या खड्यातले युरेनियमचे अणू फुटतच असतात. आतून किरणं निघतात. तोळा थोडा न्हाई."

त्यांनी शून्यं बोटानं मोजली. मग हळूच म्हणाले, "दुसरा खडा तुझ्या आपाला दिला. बाळाला नजर लागू नये म्हणून तिनं पाळण्याला बांधलाय."

मी उमरीला थोरल्या बहिणीच्या घरी फोन लावून राहिलेय. आपा उचलत नाही. मामू चपला घालून दारात उभे आहेत. मी लिहीत काय बसलेय?