तीन पायांचा पाहुणा

महाड, ४ नोव्हेंबर १९५७

चि. याकोबास साळूअक्काचे आशीर्वाद आणि सलाम. वि. वि.

आम्ही सारी खुशाल. चर्चची जुनी पेटी सावित्रीच्या पुरात गेली, तेव्हापासून रविवारची गाणी कोरडीच चालली आहेत. आता मंडळीने जुना पियानो घ्यायचे ठरवले आहे. तू मुंबईत पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात, म्हणून निवड तुझ्यावर सोपवली. म्हणजे मीच सोपवायला लावली. आमच्यातले ज्येष्ठ भागोजी म्हणतात, भिंतीला टेकून उभा राहतो तो चकचकीत पियानो आणा, जागा अडत नाही. मी सर्वांसमोर सांगून बसले, की याकोब आणील तेच योग्य. तेव्हा बाबा रे, बहिणीचे नाक तुझ्या हातात आहे. आपल्या तुडील गावच्या घरातले घड्याळ तू उघडलेस आणि ते पुन्हा चालले नाही, हे मी इथे कुणाला बोललेले नाही.

लोभ आहेच, उत्तर लवकर टाकून तो राखावा.

तुझी अक्का


मुंबई, २ डिसेंबर १९५७

ती. अक्कास कृतानेक सलाम. वि. वि.

घड्याळ आधीच बंद होते. असो.

भागोजीकाकांचा चकचकीत पियानो पाहिला. बाहेरून नवरदेव, पण आत तारांच्या खुंट्या धरणारे लाकूड तडकलेले. आपल्या दमट हवेत तो सूर धरणार नाही. मी एक लहान ग्रँड, म्हणजे तीन पायांवर आडवा उभा राहणारा पियानो, निवडला आहे. दिसायला म्हातारा, तारा गंजलेल्या, हातोड्यांवरची लोकर कसरीने खाल्लेली. ते सारे बदलता येते. खुंट्यांचे लाकूड मात्र ठणठणीत आहे. कुणीतरी त्याचे तिन्ही पाय सरसाने कायमचे चिकटवून टाकले होते, ते सोडवून पितळी पेच घालतो. पूर येणार म्हणजे येणार. पाय काढले, कुशीवर उभा केला आणि वेळू बांधले की खांद्यावर जातो.

धाकट्याला विसरू नये, ही विनंती.

आपला याकोब


महाड, २१ एप्रिल १९५८

चि. याकोबास आशीर्वाद. वि. वि.

नझीरभाईंच्या लॉरीतून पाहुणा सुखरूप आला. नझीरभाई म्हणाले, वाटेत खड्ड्यांवर हा कण्हत होता, मी दोनदा उतरून विचारपूस केली. आवाज असा, की पहिल्या रविवारी मीच वाजवता वाजवता थांबले. पण भागोजींना तो पटत नाही. तीन पायांचा रेडा म्हणतात. पावसाळ्यात तो वाहून गेला, तर पुन्हा वर्गणीला कुणी दार उघडणार नाही आणि मीही पुन्हा वाजवायला बसायचे नाही, असे त्यांनी सर्वांदेखत बजावले. मी हो म्हटले. वेळू आहेत, दोर आहेत. खांदे कुठून आणू? एस. टी. डेपोवरच्या हमालांनी नुसते पाहूनच हात जोडले.

माया पातळ होऊ देऊ नये.

अक्का


मुंबई, १ मे १९५८

ती. अक्कास सलाम. वि. वि.

हमाल कशाला? देवाच्या छबिन्याला, रात्रीच्या मिरवणुकीत, तुडीलची पालखी कोण नाचवतो? सोनबाला सांगून ठेव. लहानपणी माझ्याबरोबर चिंचा चोरायचा, नाही म्हणणार नाही. मी निर्धास्त आहे, तूही अस.

याकोब


महाड, ८ ऑगस्ट १९५८

चि. याकोबास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पूर आला. सकाळी पाणी बाजारात शिरले आणि सोनबा आपली माणसे घेऊन दारात हजर. पाय काढले, वेळू बांधले, पण उचलायला कुणी तयार होईना. सोनबा म्हणाला, अक्के, मुक्यानं पाय जुळत नाय, तुमच्या देवाची ललकारी सांग. आमच्यात ललकारी कुठली! शेवटी मी रविवारचे गाणेच सुरू केले. दुसऱ्या ओळीला त्यांचे पाय जुळले. गुडघाभर पाण्यातून, टेकाडावरच्या शाळेपर्यंत मी गात पुढे आणि पियानो झुलत मागे. भागोजी छत्री धरून चालले होते. छत्री पियानोवर आणि स्वतः चिंब.

चर्चमध्ये पाणी बाकांवरून गेले. पियानोला थेंब लागला नाही. दोन स्वर तेवढे रुसलेत, ते नाताळला येऊन समजाव. तीन पायांचाच हवा असे आपण पहिल्यापासून म्हणत होतो, असे भागोजी आता सांगत फिरतात. मी मान डोलावते.

परवाच्या रविवारी सोनबाची माणसे मागच्या बाकावर येऊन बसली. म्हणाली, आपण काय वाहिलं ते ऐकू तर. मी वाजवले. संपल्यावर सोनबाने पुढे येऊन पियानोच्या पोटाखाली वाकून पाहिले. मग म्हणाला, याकोबला कळव, खांद्यावर कायच बोलला नाय रे हा. एवढं आत हाय हे ठावं असतं, तर आणखी माणसं आणली असती.

लोभ असाच सुरात असावा.

तुझी अक्का