तुईचा पान्हा

४ मार्च
कापसाबेतहून गुरांची डॉक्टरीण आली. जेरोतिच – पोरगीच, माझ्या लेकीहून, जेलागातहून लहान. आमच्या तुई गाईला तपासून म्हणाली, "आजोबा, हिला वासरू होणं कठीण. पण दूध येऊ शकतं."
वासराशिवाय दूध! गाभण गाईच्या अंगात जे रस वाढतात, तेच म्हणे सुईतून द्यायचे. मग कासेत दूध बनवणाऱ्या पेशी वाढतात. नाहीतर खाटीक आहेच.
तुई जेलागातच्या आईची, माझ्या बायकोची. आमच्यात बायकोच्या घराला दिलेली गाय तिचीच. ती गेली एल्डोरेटला, लेकीकडे, नातवाला सांभाळायला. जाताना म्हणाली, "बिनदुधाच्या घरात मी काय करू?" दूध आलं तर येईल. येईलच.

११ मार्च
सुया संपल्या. कास तशीच, रिकाम्या थैलीसारखी.

१४ मार्च
रोज कास चोळायला सांगितलंय. कोमट पाण्याने. आमच्यात हे बायकांचं काम. शेजारचा किबेत कुंपणावरून ओरडला, "काय म्हातारबा, आता लुगडंही नेसणार का?" तेव्हापासून दार लावून चोळतो.

१८ मार्च
पुढचे सड फुगलेत! की मला भास होतोय?

२२ मार्च
कास टच्च भरली. पण थेंब सोडत नाही! जेरोतिच म्हणते, "पेशी सुईने वाढल्या, आजोबा. पान्हा तिच्या मनाने. घाबरलेली गाय पान्हा चोरते."
जेलागातची आई तिला हाक मारायची, लांब, गळ्यातल्या गळ्यात. मी मारून पाहिली. लाथ बसली.
शेवटी एल्डोरेटला फोन लावला, तुईच्या कानाशी धरला. "तुई... माझी काळी... ये गं..." – आणि धार! बादलीत, हातावर, विजारीवर.
"काढतंय कोण?"
"मीच."
हसली. किती दिवसांनी!

२६ मार्च
रोज दोनदा फोन. सुयांमुळे पहिलं दूध ओतून द्यायचं असतं, तरी मुरसिकचा, आमच्या आंबवलेल्या दुधाचा भोपळा घासून, आतून कोळसा चोळून तयार ठेवलाय. आज ती म्हणाली, "फोनवरून किती दिवस हाका मारू? येतेच मी."
येतेय! घर झाडलं. दोनदा.

३० मार्च
आली. पिकअपमधून. थेट गोठ्यात गेली, तुईला दोर बांधला. "जेलागातचे बाबा, नातवाला दूध लागतं. तुमचं काय, चहा कोराही चालतो."
तुई गाडीत चढेना. जेलागातची आई हाका मारून थकली.
मग मी मारली. लांब, गळ्यातल्या गळ्यात.
चढली.