सरांनी माझं भाषण थांबवलं

आबा, तुम्ही मला खरं कधी सांगणार होतात? मेंढरं घेऊन माघारी आल्यावर, मी मोठी झाल्यावर, की कधीच नाही? परवापासून मी हाच प्रश्न घेऊन बसलेय आणि मला उत्तर सापडत नाही. सापडणारही नाही. ते फक्त तुमच्यापाशी होतं, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजसुद्धा आता नीट आठवत नाही. आठवतं ते एकच बोलणं.

परवा दिंद्रुडच्या शाळेत सरांचा निरोप समारंभ झाला. तुम्ही ज्यांना मास्तर म्हणायचात ते. दिवसभर गणित शिकवायचे आणि शाळा सुटली की त्याच वर्गात सतरंजी टाकून आम्हाला व्हायोलिन, तुम्ही त्याला किंगरी म्हणायचात. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नेलकटरनं माझ्या डाव्या हाताची नखं कापली होती. म्हणाले, "बाळ, ही नखं तार दाबायची नाहीत, उसाचं पाचट काढायची आहेत." बोटं कुठं ठेवायची ते कळावं म्हणून व्हायोलिनच्या मानेवर चिकटपट्टीचे तुकडे लावून दिले. महिन्याभरानं तुकडे काढले आणि मी रडले, तर म्हणाले, आता कान लाव, डोळे नको. असे आमचे सर. परवा मंडपात त्यांचे किती विद्यार्थी आले होते! कोणी सप्ताहात कीर्तनाला साथ करतो, कोणी लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो, एक पोलीस आहे, तो ड्यूटीवरून तसाच गणवेशात आला. सरांना फेटा बांधला, तो सारखा कानांवर उतरत होता आणि सर लहान मुलासारखे तो वर सारत होते. विद्यार्थ्यांच्या वतीनं मला बोलायला सांगितलं होतं. वस्तीवरची पहिली पदवीधर, आता स्वतः संगीत शिकवणारी. समोर पहिल्या रांगेत माय बसली होती.

भाषण पाठ करावं लागलं नाही. ती गोष्ट मी कॉलेजात सांगितलीय, नोकरीच्या मुलाखतीत सांगितलीय. दिवाळी झालेली आहे. बिऱ्हाड घोडीवर लादलंय, कळप गोदाकाठाला निघालाय. आपल्यात अकरा-बारा वर्षांच्या पोरीनं कळपासोबत जायचं, भाकरी थापायच्या, कोकरं सांभाळायची, हे ठरलेलंच. मीही गाठोडं बांधून उभी आहे. आणि तुम्ही चुलत्यांसमोर, म्हाताऱ्यांसमोर, सगळ्या वस्तीसमोर ओरडताय, "ही न्हाई यायची! भाकरी करपवती, कोकरू हरवती, ध्यान सगळं त्या किंगरीत. असलं फुकट खाणारं तोंड मी कावून वागवू? टाका हिला मावशीच्या दारात!" धाकटा चुलता म्हणतोय, "दादा, लेकरू हाय, शिकंल की." तुम्ही माझं गाठोडं घोडीवरून ओढून मातीत फेकताय. मी रडत शाळेत गेले, सरांनी मला पाणी दिलं आणि व्हायोलिन हातात दिलं. पुढच्या वर्षी त्याच वाटेवर तापानं तुम्ही गेलात. परवा मी माइकवर म्हणाले, "ज्या दिवशी बापानं मला टाकलं, त्या दिवशी सरांनी मला उचललं." टाळ्या पडल्या.

सर खुर्चीतून उठले. मला वाटलं पाठ थोपटायला येतायत. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. म्हणाले, "हे खरं नाही. हिला मी उचललेलं नाही." मंडपात कोणीतरी हसलं, सर विनयानं बोलतायत असं वाटून. सर म्हणाले, "हसू नका. तिचे वडील आदल्या दिवशी माझ्याकडं आले होते. चपला फाटकाबाहेर काढून. मला म्हणाले, मास्तर, उद्या मी पोरीला सगळ्यांदेखत लई वंगाळ बोलणार हाय. भाऊ तिला सोडायला तयार न्हाईत. लोकं म्हणत्यात पोरगी शाळेपायी मागं ठिवली तर कळपाचं कसं. ती कुचकामी ठरली तरच तिला हितं ठिवतील. ती तुमच्याकडं रडत येईल. तिच्याम्होरं माझी बाजू घेऊ नका, लेकराच्या तोंडात बात राहत न्हाई." मग सर माझ्याकडं वळले. "मी शब्द दिला होता. पुढं ते गेले. मला वाटलं घरच्यांनी तुला सांगितलं असेल. हे भाषण तू जगभर करत फिरतेस, हे मला आज कळलं."

आबा, मी माइकपासून बाजूला झाले. लोक काहीतरी बोलत होते, पोलीसदादानं मला खुर्ची दिली. मी मायकडं पाहिलं. मला वाटलं तिला माहीत असणार. ती तोंडाला पदर लावून बसली होती. नंतर रिक्षात म्हणाली, "मला बी न्हवतं सांगितलं त्यांनी. त्या साली मी संक्रांतीपातुर त्यांच्याशी बोलले न्हवते. एकटीनं भाकरी थापल्या. शिव्या दिल्या मनात. आन् हे गप. नुसतं जेवायचे आन् उठायचे."

त्याआधी, समारंभाच्या शेवटी, सरांनी वाजवलं. फेटा काढून ठेवला, सतरंजीवर मांडी घातली, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवलं आणि बराच वेळ वाजवलं. लोक सांगतात, सरांनी असं कधी वाजवलं नव्हतं. मला राग कुठला होता तेही सांगता येणार नाही. समोर बसून मी एक सूर ऐकला नाही. ज्यांच्याकडून ऐकायला शिकले, त्यांचं शेवटचं शाळेतलं वाजवणं माझ्या कानांवरून गेलं. निघताना पाया पडले तर ते म्हणाले, "मी आधीच सांगायला हवं होतं." मला तेव्हा म्हणायचं होतं की सर, तुमचा मोठेपणा कमी झाला नाही. आपल्याच सत्काराच्या दिवशी आपल्या वाट्याची टाळी परत करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पण मी फक्त त्यांचा फेटा उचलून त्यांच्या हातात दिला.

तुमच्यावर मी खूश आहे असं समजू नका. मी वर्षानुवर्षं स्वतःला टाकलेली पोर समजत आले. परीक्षेत पहिली आले तरी वाटायचं, कुणाला दाखवू. तुम्ही एका रात्री चुलीपाशी हळूच सांगितलं असतं तर मी पोटात ठेवलं असतं. की नसतं ठेवलं? अकरा वर्षांची होते. मावशीला तरी सांगितलंच असतं. आणि भाकरी मी खरंच करपवायचे. त्या ओरडण्यातलं किती नाटक होतं आणि किती खरं, हेही आता मला कोण सांगणार?

दिवाळी तोंडावर आलीय. धाकट्या चुलत्याची पोरगी यंदा बाराची झाली, तिचं गाठोडं बांधायचं चाललंय हे मायकडून कळलं. काल मी वस्तीवर गेले. चुलता, त्याचे दोघे मेहुणे, दोन म्हातारे पारावर होते. मी उभ्यानंच सांगितलं की ही माझ्याकडं माजलगावला राहील, शाळेत जाईल. मंडपातली गोष्ट वस्तीभर झाली होती. चुलता म्हणाला, "आता तू बी बापासारखं नाटक करतीस व्हय? दे की शिव्या पोरीला, आमाला सवय हाय." सगळे हसले. मी नाही हसले. म्हणाले, "काका, पोरगी हुशार हाय म्हणून नेतेय. तिला ऐकू येईल असं सांगतेय." एक म्हातारा म्हणाला, मग कळपाची भाकरी? म्हटलं, तुमी थापा. चुलता पारावरून उठून घराच्या दारापाशी गेला. मग आत बघून ओरडला, "चल गं, आवर."

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून टाकणार नाही. तुमच्यावरचा राग गेला असं लिहायचं होतं, पण तो गेलेला नाही. पोरगी शेजारच्या खोलीत झोपलीय. आज सकाळी शाळेत तिचं नाव घातलं.